उजव्या हाताची शिक्षा

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा एका तक्रारीच्या कागदावर लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तेवढं पुरे झालं. सगळे तिला दीदी म्हणायचे. साठी उलटलेली बाई, पुढचा एक दात गेलेला, गुडघे धरून उठायची, आणि दीड वर्षाचं पोरसुद्धा तिला दीदीच म्हणायचं. जबलपूरची रीतच आहे ती. मी साताऱ्याकडची, मला आधी आधी फार हसू यायचं.

आमच्या कॉलनीच्या पाळणाघरात ती होती. पाळणाघर महिला समितीचं, दीदी तिथे पगारावर. महाराजपुरकडे जाताना डाव्या हाताला जुन्या बैठ्या क्वार्टरांच्या लाईनी आहेत, त्यांतल्या एकात दोन खोल्या आणि मागे अंगण. पोरं बारा-पंधरा, सगळी एक ते तीन वर्षांतली. आया कोणी फॅक्टरीत, कोणी रेल्वेत. मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात. नवऱ्याची बदली इकडे झाली म्हणून मीही मागून घेतली, आणि कडेवर सव्वा वर्षाची मुलगी घेऊन या गावात उतरले.

त्या मुलीचा उजवा हात जन्मापासून मुठीत होता. मूठ उघडली तर उघडायची, सोडली की पुन्हा मिटायची. खुळखुळा डाव्या हातात, बिस्किट डाव्या हातात, उजवा आपला छातीशी दुमडलेला. डॉक्टर म्हणायचे, काही मुलं सावकाश करतात, बघू. बघू म्हणजे काय आणि किती दिवस, ते कोणी सांगेना. मी रात्रंदिवस तो हात बघायचे आणि बघून बघून मला तो दिसेनासा झाला होता.

दीदीने पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलीला मांडीवर घेतलं, तिची उजवी मूठ आपल्या दोन तळव्यांत धरली आणि बसून राहिली. मी फी विचारते, वेळ विचारते, दूध कोण पाजणार विचारते, उत्तर नाही. पाच-सात मिनिटांनी म्हणाली, "हा हात झोपला हाये बाई. मेला नाही. उठवू त्याले."

"म्हणजे काय करणार तुम्ही?"

"ते मले विचारू नका. सहा महिने काही बी विचारू नका. विचारलं की माह्या हाताची पकड जाते."

अशी बाई. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, विक्षिप्त आहे. तो म्हणाला, जवळ तर आहे ना? एवढ्यावर आम्ही मुलगी तिथे ठेवली.

विक्षिप्त तर होतीच. पोरांची नावं तिला आठवत नसत, हात आठवत. "तो चिमटीवाला आला नाही आज?" "ती दोन्ही हातांनी ओरबाडणारी, तिची माय कोण?" आईबापांना ती तोंडावरून ओळखतच नसे. एका साहेबांना तिने फाटकातच विचारलं होतं, तुमच्या शर्टाच्या गुंड्या घरी कोण लावून देते? साहेब लाल झाले. उत्तर बायकोने दिलं, मीच देते म्हणाली, आणि दीदीने मान हलवली. पोरगं का ढिलं आहे ते तिला कळलं होतं.

समितीने आणलेली फोमची गादी तिने गुंडाळून माळ्यावर टाकली होती. खाली खरखरीत फरशी, तिच्यावर सतरंजी. "गादीवर हात टेकत नाही, बुडते. टेकल्याबिगर बोट कसं उठंल?" खिडकीचा पडदा काढला होता. काम सगळं खिडकीखालच्या उजेडात. टीव्ही होता, त्यावर चादर घालून वर मीठ-मसाल्याचे डबे मांडले होते. आणि खेळणी? देणगीत आलेली दोन पोती भरून खेळणी, गाणारी, चमकणारी, बटण दाबलं की नाचणारी. ती पोती कुलपात. "बटण दाबलं अन् सगळं झालं, मंग पोट्टं काय करंल? खेळणंच खेळून राहिलं, पोट्टं पाहून राहिलं." एका वेळी एका पोरापुढे ती तीनच वस्तू ठेवायची. एक वाटी, एक झाकण, मूठभर हरभरे. पसारा जास्त झाला की हात मुका होतो, असं तिचं म्हणणं. तोंड उशिरा बोललं तरी चालतं, हात मुका राहिला तर पोर दुसऱ्याच्या भरवशावर जगतं.

भिंतीला टेकवून तिने एक जुनं दार ठेवलं होतं. नुसतं दार. मागे भिंत. त्या दारावर तिने कुठून कुठून आणून कड्या, चिटकण्या, साखळ्या, अडसर, बिजागऱ्या ठोकल्या होत्या, पोरांच्या उंचीला. पोरं तासन् तास ते उघडायची आणि लावायची. मी एकदा म्हटलं, "दीदी, उघडून जायचं कुठे?" तर म्हणाली, "जायाचं नाही. उघडाचं." मला वाटलं बाई जरा वेडीच आहे.

हिवाळ्यात मझौलीकडून मटार यायचा. या दिवसांत जबलपुरात ज्याच्या त्याच्या मांडीवर मटाराची परात असते, ऑफिसातसुद्धा बायका जेवणाच्या सुट्टीत सोलत बसतात. पाळणाघरातही पोतं यायचं आणि पोरांना गोल बसवून शेंगा वाटल्या जायच्या. अर्धा मटार पोटात, अर्धा सतरंजीखाली. एकदा एकाने दाणा नाकात घातला. आरडाओरडा झाला, कोणी स्कूटर काढली, कोणी फोन लावला. दीदीने पोराची दुसरी नाकपुडी दाबली, तोंडावर तोंड ठेवून एक फुंकर मारली, आणि दाणा टप्पकन तिच्या गालावर आला. तिने तो उचलून पाहिला आणि त्या पोराच्या आईला म्हणाली, "पाहा, किती बारीक काम केलं त्यानं. एवढ्याशा भोकात एवढा दाणा. हात चांगला हाये." आई रडत होती. तिने दुसऱ्या दिवसापासून पोर पाठवलं नाही.

आता भाषेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिनसलं. दीदीचा बाप कधीकाळी भंडाऱ्याकडून इथे नोकरीला आलेला. घरात मराठी, बाकी सगळं हिंदी: शाळा हिंदी, बाजार हिंदी, भांडणं हिंदी. तिला मी महाराष्ट्रातून आलेली म्हणून फार अप्रूप. सातारा सांगून उपयोग नव्हता, तिच्या लेखी मी 'पुनावाली'. माझ्याशी बोलताना ती जपून बोलायची आणि चुकायची. "मले याद नाही राहिली" म्हणायची. मी म्हणायचे, "आठवण, दीदी." मग ती "हौ, आठवण, आठवण," असं दोनदा म्हणून लक्षात ठेवायची. मला गंमत वाटायची. गंमत कसली, मिजास होती ती माझी. साठीच्या बाईचं मराठी सुधारायची कोण मी?

रोज संध्याकाळी ती पोरांच्या पाठीला सेफ्टी पिनने चिठ्ठी लावून पाठवायची. फोनवर तिचा विश्वास नव्हता. सगळ्या आयांना चिठ्ठ्या हिंदीत. मला एकटीला मराठीत. खाडाखोड करून, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावून, पण मराठीत. "आज दुध चांगली पिली." "आज उजव्या हाताने हरबरा पकडली, मंग सोडून देली." ही चिठ्ठी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते. पाच महिने झाले होते, आणि हरभरा पकडला होता. पडला तर पडला! पकडला होता.

आणि मग त्याच आठवड्यातली गुरुवारची चिठ्ठी. अजून जशीच्या तशी पाठ आहे. "आज डावा हात बांधला. उजव्या हाताला शिक्षा दिली, एक तास. खुप रडली. आता रोज देऊ."

मी मुलीची बाही वर केली. डाव्या मनगटावर लाल वळ होता, इलॅस्टिकचा असतो तसा. पोरीचे डोळे सुजलेले.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येणार नाही. जो हात आधीच अधू आहे, त्याला शिक्षा? बांधून? तासभर? आणि वर लिहून कळवते, रोज देऊ म्हणून? मी नवऱ्याची वाट पाहिली नाही, दीदीकडे गेले नाही. तिची खोली आमच्या मागच्याच लाईनीत होती, पण गेले नाही. चिठ्ठीचा फोटो काढला, वळाचा फोटो काढला आणि आयांच्या ग्रुपवर टाकला. खाली हिंदीत भाषांतर करून दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून: 'आज बायाँ हाथ बाँधा. दाहिने हाथ को सज़ा दी, एक घंटा.'

एका आईने विचारलंही, "शिक्षा मतलब तो पढ़ाई होता है न?" मी ताडकन लिहिलं, "मराठी में शिक्षा मतलब सज़ा. मैं महाराष्ट्र से हूँ." गावात पाच-सहा महिने काढले होते. ऑफिसच्या वाटेवर 'शिक्षा विभाग' अशी हातभर अक्षरांची पाटी रोज वाचत होते. पण चिठ्ठी मराठीत होती ना! मग मराठीच्या मालकीणबाई दुसरं काही कशाला वाचतील?

रात्रीत ग्रुप पेटला. मटार सोलायला लावते, ही तर मजुरी झाली. गादी काढून टाकली, पोरांना सर्दी होते. डबा स्वतः उघडल्याशिवाय जेवू देत नाही. ज्यांच्या पोरांना ती हाताला धरून गुंडी लावायला शिकवत होती, त्याही बोलल्या. शनिवारी समितीने बैठक बोलावली. अध्यक्षा मॅडमना तिथे भिंती रंगवून, पडदा लावून, टॅबवर कविता दाखवणारं प्ले-स्कूल करायचंच होतं, त्यांना आयतं निमित्त मिळालं. माझ्याकडून तक्रार लेखी घेतली. मी दिली. सुवाच्य अक्षरात दिली.

दीदी बैठकीला आली ती इस्त्रीची साडी नेसून. तिला वाटलं असावं, कामाचं कौतुक असेल. अध्यक्षा मॅडमनी चिठ्ठी पुढे केली. "ये आपने लिखा है?"

"हौ जी. मैंने लिखा."

"बच्ची का हाथ बाँधा?"

"हाँ, डावा. अच्छावाला. थैली पहनाई कपड़े की. अच्छा हाथ खुला रहेगा तो सोनेवाला काहे को जागेगा?"

"और एक घंटा शिक्षा दी?"

दीदी हसली. दात नसलेल्या जागेवर जीभ लावून हसायची तशी. म्हणाली, "शिक्षा तो रोज देती हूँ मैडम. सबके हाथ को देती हूँ. इसी काम के लिए तो रखा है आपने मुझे."

बाकीच्या बायकांना वाटलं, केवढी निगरगट्ट बाई आहे. आणि माझ्या कानात तो शब्द हिंदी वाक्यातून आत आला आणि पहिल्यांदा हिंदीत उमटला. शिक्षा. शिकवणं. 'उजव्या हाताला शिकवलं, एक तास. खूप रडली. आता रोज शिकवू.' तिने हिंदीत चिठ्ठी लिहिली असती तर मी ती नीट वाचली असती. माझ्यासाठी, माझ्या मिजाशीसाठी, तिने मराठीत लिहिली होती.

अध्यक्षा मॅडम माझ्याकडे वळल्या. "आप तो मराठी हैं. बताइए सबको. मराठी में इसका मतलब सज़ा ही होता है न?"

एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, माझी चूक झाली. चार शब्द. पण आया आणि समितीच्या मिळून तीस-पस्तीस बायका माझ्या बाजूने बसल्या होत्या, माझ्या लेकरासाठी चिडल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे मी मूर्ख ठरणार होते. मी म्हटलं, "जी. मराठी में तो सज़ा ही होता है."

खोटं बोलले नाही हो मी. कोणताही मराठी शब्दकोश काढा. अगदी बरोबर बोलले.

दीदीने माझ्याकडे पाहिलं. बाकी कोणाकडे नाही. पिशवी उचलली, पोरांसाठी ठेवलेले हरभऱ्याचे डबे नीट झाकले आणि गेली. जुनं दार दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने नेलं.

त्याच्या पुढचं सांगण्यासारखं काही नाही. प्ले-स्कूल झालं. भिंतीवर हत्ती-जिराफ आले, गादी आली, एसी आला, खिडकी बंद झाली. माझी मुलगी टॅब बघायला फार लवकर शिकली. त्याला एक बोट लागतं, आणि ते डाव्या हाताचं चालतं. तिथे कोणी रडत नसे. मला रोज फोनवर हसऱ्या चेहऱ्याचे फोटो येत. चेहऱ्याचेच. उजवा हात फोटोच्या चौकटीबाहेर.

मुलगी पाच वर्षांची झाल्यावर शाळेने बोलावून सांगितलं, दाखवून घ्या. दाखवलं. त्या डॉक्टरबाई भल्या होत्या. समजावून सांगत होत्या की अशा मुलांचा चांगला हात दिवसातून थोडा वेळ बांधून ठेवतात, मऊ पिशवीत घालून, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागतं. मूल रडतं, पण आईने मन घट्ट करायचं. आणि जितकं लहान वय तितकं बरं, दीड-दोन वर्षांचं असताना आणलं असतं तर... मग त्यांनी विचारलं, "आधी कोणी कधी केलं होतं का असं काही?"

मी म्हटलं, नाही.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. हुशार आहे, तिखट आहे, मराठी समजते पण बोलते हिंदी. डाव्या हाताने सुंदर चित्रं काढते. वेणी घालता येत नाही, पेन्सिलीला टोक करता येत नाही, वर्गात कोणी 'एक हाथवाली' म्हटलं की त्याला मारून येते, त्याच एका हाताने. व्यायाम चालू आहेत. हात थोडा सुधारलाय, थोडाच. या गोष्टीला मी नशीब म्हणत नाही. म्हणणारे खूप आहेत, नवरा म्हणतो, सासूबाई म्हणतात. मला ठाऊक आहे ते नशीब नाही.

गेल्या हिवाळ्यात मी दीदीला शोधलं. बरगीजवळच्या एका गावात भावाकडे होती. मुलीला घेऊन गेले. दीदी ओसरीवर बसून जाळ्याच्या गाठी सोडवत होती, भाऊ मासे धरतो. डोळ्यांना मोतीबिंदू झालाय. मुलगी जवळ गेली तेव्हा तिने सवयीने तिचा उजवा हात हातात घेतला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चाचपला, आणि तसाच धरून बसली. मग म्हणाली, "हरबरा पकडला होता यानं."

मुलीला नदी बघायला पिटाळलं आणि दीदीपुढे बसून एका दमात सगळं सांगितलं. शब्द कसा चुकला ते. बैठकीत तो मला कळला होता ते. कळूनही मी काय बोलले ते.

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "तिथंच समजलं होतं, का तुमाले समजलं म्हून."

"मग बोलला का नाहीत, दीदी? तिथेच मला का उघडं पाडलं नाहीत?"

"काहून पाडू? माय हाये तुमी. लोकांमधी शरमल्या, होते असं. मले वाटलं आज शरमली, उद्या येईल. पोट्टीले घेऊन गुपचूप येईल घरी. घरीच शिकवलं असतं ना मी, समिती कायले पाह्यजे त्याले? दोन महिने थांबली मी तिथं. भाऊ बोलवून राहिला, चल म्हणे, काम नाही तर भाडं कायले भरते. मी म्हटलं, थांब जरा. सकाळी तुमच्या निघाच्या वेळेले दार उघडं ठेवून बसत होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती पुन्हा जाळं चाचपू लागली.

बस स्टॉपला जायचा आमचा सरळ रस्ता तिच्या दारावरून जायचा. ते दोन महिने मी मुलीला कडेवर घेऊन मागून, नाल्याच्या बाजूने जात होते. तिकडून दहा मिनिटं जास्त लागतात. मी घरून दहा मिनिटं लवकर निघायचे.